जायरो-होकायंत्राचा उगम व त्याच्या स्वामित्वाचा वाद

१. प्रस्ताव

या त्रैमासिकाच्या वाचकांस सनदा, महजर, शकावल्या व बखरी यांची संवय आहे. समुद्रावरील एका यंत्राची हकीकत येथें वाचावयास मिळावी याचें त्यांस प्रथमदर्शनीं नवल वाटेल. यंत्रविद्या शिकविण्याचा आमचा हेतु नाहीं, व तेवढा आमचा अधिकारही नाहीं. परंतु एखादी वस्तु प्रथम कोणीं निर्माण केली हें लेखी पुराव्यावरून कसें ठरवावें, हा प्रश्न आपणां सर्वांच्या नित्य परिचयाचा आहे. नेमका हाच प्रश्न १९१५ सालीं बर्लिन येथील न्यायालयापुढें एका होकायंत्राच्या निमित्तानें आला होता, व न्यायालयानें ज्यांचा तज्ज्ञ म्हणून अभिप्राय घेतला ते गृहस्थ अल्बर्ट आइन्स्टाइन हे होते. त्या प्रकरणाचा आम्हीं अभ्यास केला तेव्हां आमच्याच एका जुन्या विधानाची फेरतपासणी करणें आम्हांस भाग पडलें. ती हकीकत लेखाच्या अखेरीस येईल.

या विषयाकडे आम्ही वळलों तें असें. आमचे एक माजी विद्यार्थी व्यापारी जहाजावर अधिकारी आहेत. गेल्या उन्हाळ्यांत ते भेटीस आले असतां, आमची दप्तरांची आवड जाणून, त्यांनीं जहाजावरील एका वहीचें कोरें पान आम्हांस दाखविण्यास आणलें. ही होकायंत्रांच्या दोषांची नोंदवही. तींत वेळ, जहाजाचें स्थान, सूर्याची गणितानें काढलेली खरी दिशा, जायरो-होकायंत्रानें दाखविलेली दिशा, चुंबकीय होकायंत्रानें दाखविलेली दिशा, आणि या दोहोंतील चूक, असे रकाने ओळीनें आंखलेले होते. एकाच जहाजावर उत्तर दिशा सांगणारे दोन साक्षीदार, आणि त्या दोघांचीही जबानी रोज तिसऱ्या साक्षीदाराशीं म्हणजे सूर्याशीं ताडून पाहावयाची! दोन बखरींतील विसंगति समकालीन पत्रानें सोडविणाऱ्या आम्हां मंडळींस ही पद्धत परकी वाटण्याचें कारण नव्हतें. पहिला साक्षीदार पुरेसा असतांना दुसरा कां लागला, येथूनच आमच्या शोधास आरंभ झाला.

२. चुंबकसूची व तिचे दोष

चुंबकसूचीचा उपयोग दिशा पाहण्याकडे होतो, याचा स्पष्ट लेखी उल्लेख चीन देशांतील शेन कुओ या विद्वानाच्या १०८८ च्या सुमाराच्या ग्रंथांत आहे. सुई बरोबर दक्षिणेकडे न राहतां किंचित् पूर्वेकडे कलते, हेंही त्यानें तेथेंच नमूद केलें आहे. युरोपांत अलेक्झांडर नेकम यानें बाराव्या शतकाच्या अखेरीस खलाशांच्या सुईचा उल्लेख केला. म्हणजे सूचीच्या गुणाबरोबर तिच्या दोषाचीही ओळख फार जुनी आहे. पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव व भौगोलिक ध्रुव हे एका ठिकाणीं नाहींत. त्यामुळें सूची खऱ्या उत्तरेपासून ढळते, व हा दिक्पात स्थळपरत्वें व कालपरत्वें बदलत राहतो.

लांकडी गलबतांच्या काळीं एवढ्यावर निभावलें. एकोणिसाव्या शतकांत लोखंडी जहाजें आलीं आणि जहाजाचें शरीरच सूचीला ओढूं लागलें. इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनीं १८३८ सालीं ‘रेनबो’ या लोखंडी आगबोटीवर प्रयोग करून, होकायंत्राभोंवतीं चुंबक व लोखंडाचे तुकडे योग्य जागीं बसवून हा दोष मारण्याची रीत काढली. पुढें विल्यम टॉमसन, म्हणजेच लॉर्ड केल्व्हिन, यांनीं १८७६ सालीं सुधारलेल्या होकायंत्राचें स्वामित्वपत्र घेतलें. तथापि जहाजांवर पोलादी चिलखत, फिरते तोफबुरूज व विजेचीं यंत्रें यांची भर पडत गेली तसे हे उपायही अपुरे पडूं लागले. पाणबुडीच्या पोटांत तर चोहों बाजूंनीं पोलाद व जवळच विजेचीं चक्रें असावयाचीं. अशा कोठडींत कोंडलेल्या सूचीनें खरें सांगावें कसें?

३. फूकोचें भ्रमणदर्शक

चुंबकाशीं कांहीं संबंध नसलेला साक्षीदार फ्रान्स देशांत निराळ्याच कारणानें जन्मास आला. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते हें आपल्याकडे आर्यभटानें इसवी सन ४९९ मध्यें रचलेल्या ग्रंथांत सांगितलें, व नावेंतील मनुष्यास कांठ मागें जातांना दिसतो हा दृष्टान्त दिला, तें वाचकांस विदित आहेच. परंतु तें फिरणें आकाशाकडे न पाहतां, बंद खोलींत, डोळ्यांस दाखविण्याचा मान लिओन फूको यांचा. १८५१ सालीं पॅरिसच्या पँथिऑनमध्यें त्यांनीं आपला प्रसिद्ध लंबक टांगला. पुढच्याच वर्षीं, १८५२ सालीं, त्यांनीं एका वेगानें फिरणाऱ्या जड चक्राचें उपकरण सादर केलें आणि ग्रीक भाषेंतील ‘वर्तुळ’ व ‘पाहणें’ या अर्थाचे दोन शब्द जोडून त्यास ‘जायरोस्कोप’ हें नांव दिलें. संस्कृतांत त्यास ‘भ्रमणदर्शक’ म्हणतां येईल. चक्रांचें असें उपकरण बोनेनबर्गर या जर्मन पंडितानें त्यापूर्वींच, १८१७ सालीं, वर्णिलें होतें. मात्र पृथ्वीचें भ्रमण दाखविण्याकडे त्याचा उपयोग फूको यांनीं केला.

या चक्राचे गुण मुलांच्या भोंवऱ्यांत दिसतात तेच आहेत. वेगानें फिरणारा भोंवरा आपला आंस सहसा सोडीत नाहीं. आणि त्यास बाजूनें रेटा दिला तर तो रेट्याच्या दिशेस न झुकतां तिच्याशीं काटकोनांत सरकतो. यासच परांचन म्हणतात. आपल्या ज्योतिषांतील अयनचलन हें याच जातीचें आहे, कारण पृथ्वी हाच एक थोर भोंवरा असून तिचा आंस सुमारें २६,००० वर्षांत एक फेरा पुरा करतो.

आतां असें चक्र आडव्या आंसावर ठेवून त्याच्या खालच्या अंगास वजन दिलें म्हणजे काय होतें तें पाहावें. पृथ्वी दर तासास १५ अंश फिरते. चक्राचा आंस पूर्वपश्चिम असेल तर पृथ्वी खालून फिरल्यामुळें त्याचें एक टोंक उचललें जातें. वजन तें टोंक खालीं ओढूं पाहतें, परंतु चक्र त्या ओढीला काटकोनांत उत्तर देतें व आंस उत्तरदक्षिण रेषेकडे वळतो. तेथें न थांबतां तो पलीकडे जातो, पुन्हा परततो, व असे झोंके घेत राहतो. हे झोंके शमविण्याची योजना केली म्हणजे आंस अखेर खऱ्या उत्तरेवर स्थिर होतो. ही उत्तर पृथ्वीच्या भ्रमणाची असते, चुंबकाची नव्हे. आपल्या सिद्धान्तग्रंथांत शंकूभोंवतीं वर्तुळ काढून, सकाळीं व दुपारनंतर छायाग्र त्यास जेथें शिवेल त्या दोन बिंदूंवरून पूर्वपश्चिम साधण्याची जी रीत आहे, तिचाही आधार तेंच भ्रमण होय. फरक इतकाच कीं शंकूला ऊन लागतें, आणि या चक्राला रात्र, धुकें वा समुद्राचा तळ यांची अडचण नाहीं.

चक्राच्या आंसास क्षितिजपातळींत बांधून ठेवलें तर तो याम्योत्तर रेषा शोधील, हें फूको यांनीं १८५२ सालींच सांगितलें होतें. परंतु त्यांचें चक्र हातानें फिरविलेलें. त्याचा वेग कांहीं मिनिटांतच मंदावे, व झोंका पुरा होण्यास तर त्याहून फार अधिक वेळ लागे. १८८४ सालीं टॉमसन यांनीं माँट्रिऑल येथील विद्वत्सभेपुढें चुंबकसूचीचें अनुकरण करणाऱ्या चक्राचें वर्णन केलें. १८८५ सालीं व्हान डेन बॉस या डच गृहस्थानें चक्राच्या होकायंत्राचें स्वामित्वपत्र घेतलें. म्हणजे विसावें शतक उजाडण्यापूर्वीं तत्त्व प्रसिद्ध होतें आणि कागदावर यंत्रही होतें. नव्हतें तें समुद्रावर चालणारें होकायंत्र.

४. आन्शुट्झ-केम्प्फे यांचा उद्योग

ही उणीव ज्यांनीं भरून काढली ते हेर्मान आन्शुट्झ-केम्प्फे (१८७२–१९३१) यंत्रशास्त्री नव्हते. त्यांनीं कलेच्या इतिहासाचा अभ्यास करून पदवी मिळविली होती. १९०१ च्या सुमारास त्यांच्या मनानें घेतलें कीं, उत्तर ध्रुवास बर्फावरून जाण्यापेक्षां पाणबुडींत बसून बर्फाखालून जावें. ही कल्पना लोकांपुढें मांडतांच पहिला प्रश्न आला तो दिशेचा: पाणबुडींत सूची चालत नाहीं आणि बर्फाखालीं सूर्य व तारे दिसत नाहींत. त्या एका प्रश्नाच्या मागें लागून या गृहस्थांनीं आपलें उर्वरित आयुष्य वेंचलें.

त्यांची आरंभींची रचना, लावून दिलेली दिशा चक्रानें नुसती धरून ठेवावी, अशी होती. परंतु सांध्यांतील घर्षणानें चक्र हळूहळू ढळे. तेव्हां ते स्वतः उत्तर शोधणाऱ्या चक्राकडे वळले. १९०४ सालीं त्यांनीं स्वामित्वपत्र मिळविलें व १९०५ सालीं कील बंदरांत कारखाना काढला. त्यांचे आप्त माक्स शूलर हे पुढें त्यांस येऊन मिळाले. मिनिटास सुमारें २०,००० फेरे घेणारें, विजेनें अखंड फिरणारें चक्र, त्यास पाऱ्यावर तरंगत ठेवण्याची युक्ति आणि झोंके शमविण्यासाठीं हवेचा झोत, अशी ही सिद्धता होती. १९०८ सालीं जर्मन आरमाराच्या ‘डॉइचलांड’ या युद्धनौकेवर तिची परीक्षा झाली. जहाज लाटांवर डुलूं लागलें म्हणजे एकाच चक्राचें हें यंत्र चुकतें असें अनुभवास आल्यावर तीन चक्रांचें यंत्र बनविण्यांत आलें. समुद्रानें दोष दाखवावा आणि कारखान्यानें तो काढावा, असा हा क्रम होता, आणि तो ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

५. बर्लिनचा दावा

याच सुमारास अमेरिकेंत एल्मर स्पेरी (१८६०–१९३०) हे कुशल यंत्रकार त्याच कामास लागले. त्यांनीं १९१० सालीं कंपनी स्थापिली, व १९११ सालीं ‘डेलावेअर’ या अमेरिकन युद्धनौकेवर त्यांच्या होकायंत्राची परीक्षा झाली. पुढें त्यांनीं जर्मन आरमारासही आपलें यंत्र देऊं केलें, तेव्हां १९१४ सालीं आन्शुट्झ यांच्या कंपनीनें आपल्या स्वामित्वाचा भंग झाल्याचा दावा बर्लिनमध्यें लावला.

स्पेरी यांच्या बाजूचा मुद्दा आपल्या वाचकांनीं लक्षपूर्वक पाहावा. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, हें तत्त्व जुनें आहे; व्हान डेन बॉस यांच्या १८८५ च्या कागदांत तें यंत्र आलेलेंच आहे; तेव्हां आन्शुट्झ यांस त्यावर नव्यानें स्वामित्व सांगतां येत नाहीं. जुना लेख काढून नव्याचा हक्क खोडण्याचा हा युक्तिवाद, वतनाच्या तंट्यांत आपण शेंकडों वेळां वाचला आहे.

आइन्स्टाइन हे १९०२ ते १९०९ पर्यंत बर्न येथील स्वामित्वपत्रांच्या कचेरींत नोकरीस होते, म्हणून अशा कागदांतील शब्द व वस्तु यांमधील अंतर मोजण्याची त्यांस संवय होती. त्यांनीं १९१५ च्या आरंभीं पहिला अभिप्राय दिला, परंतु तेवढ्यानें निर्णय होईना. मग त्यांनीं कील येथें जाऊन प्रयोग प्रत्यक्ष पाहिले व ऑगस्टमध्यें पुरवणी अभिप्राय दिला. व्हान डेन बॉस यांच्या कागदांतलें यंत्र हलत्या जहाजावर होकायंत्राचें काम करूं शकणार नाहीं, सबब त्यावरून आन्शुट्झ यांच्या शोधाचें नावीन्य जात नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. निकाल आन्शुट्झ यांच्या बाजूनें लागला.

त्या वेळीं महायुद्ध सुरू होतें, वादी जर्मन होता व न्यायालयही जर्मन होतें, म्हणून निकाल एकतर्फी असेल अशी शंका कोणी घेईल. ती घेणें योग्यच आहे. परंतु आइन्स्टाइन यांचें कारण गतिशास्त्राचें आहे. तें कोणत्याही देशांत, कोणत्याही काळीं तपासतां येतें. म्हणून त्याची किंमत साक्षीदाराच्या राष्ट्रावर अवलंबून नाहीं. शिवाय स्पेरी यांची योग्यताही या निकालानें कमी होत नाहीं. चक्रास तारेनें टांगण्याची त्यांची रचना स्वतंत्र होती, आणि चक्राच्या आधारें जहाजाचें सुकाणूं आपोआप फिरविण्याच्या यंत्रांत त्यांच्या कंपनीनें पुढें अग्रेसरत्व मिळविलें.

या अभ्यासाचें एक फळ अनपेक्षित होतें. लोहचुंबकाचा धर्म अणूंतील विजेच्या भ्रमणाशीं जोडणारे प्रयोग आइन्स्टाइन यांनीं डी हास यांच्यासह १९१५ सालींच केले, आणि त्यांची कल्पना आपणांस या होकायंत्राच्या अभिप्रायांवरून सुचली असें त्यांनीं पुढें स्वतः सांगितलें. ज्या चुंबकास बाजूस सारण्यासाठीं हें चक्र निघालें, त्याच चुंबकाच्या अंतरंगाची वाट त्यानें दाखविली.

६. पुढील सुधारणा

वादांत तज्ज्ञ म्हणून आलेले आइन्स्टाइन पुढें आन्शुट्झ यांचे स्नेही व सहकारी झाले. १९२० च्या दशकांत दोन चक्रें एका बंद गोलांत ठेवून तो गोल द्रवांत तरंगविण्याची रचना सिद्ध झाली. तो गोल भांड्याच्या भिंतीस न टेकतां मध्यावर राहावा म्हणून विजेच्या वेटोळ्यानें त्यास लोटून धरण्याची जी युक्ति योजिली ती आइन्स्टाइन यांची. इंग्लंडमध्यें युद्धकाळांत ब्राउन व पेरी यांनीं १९१६ सालीं तेलाच्या साहाय्यानें चालणारी निराळी रचना काढली.

जहाजाच्या स्वतःच्या चालीनेंही या यंत्रास चूक येते, कारण चक्र पृथ्वीची व जहाजाची अशा दोन्ही गतींची बेरीज पाहतें. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारें ९०० सागरी मैल वेगानें पूर्वेस जातो. एखादें जहाज तेथें ताशी २० सागरी मैलांनीं सरळ उत्तरेस चाललें तर यंत्राची उत्तर सुमारें सव्वा अंश पश्चिमेस सरते. मुंबईच्या अक्षांशावर, म्हणजे १९ अंशांवर, ही चूक सुमारें १.३५ अंश व ६० अंशांवर अडीच अंशांहून थोडी अधिक होते. ही चूक कोष्टकानें काढून टाकतां येते. जहाज वेग वा दिशा बदलीत असतां जो धक्का बसतो त्याचा विचार शूलर यांनीं केला. यंत्राच्या झोंक्याचा काल ८४.४ मिनिटें ठेवला तर त्या धक्क्यानें यंत्र नव्या स्थितीस आपोआप बरोबर येतें, हा नियम त्यांनीं १९२३ सालीं प्रसिद्ध केला. पृथ्वीच्या त्रिज्येएवढ्या लांबीचा लंबक कल्पिला तर त्याचा झोंकाही तेवढ्याच वेळांत पुरा होईल.

७. ध्रुवाचा प्रश्न

आतां या हकीकतींतील मार्मिक भाग. चक्रास उत्तरेकडे वळविणारा जोर अक्षांशाप्रमाणें घटतो. विषुववृत्तावर तो पूर्ण असतो, ६० अंशांवर निम्मा उरतो, आणि ध्रुवावर मुळींच राहत नाहीं. कारण तेथें पृथ्वीचा आंस उभा असतो व क्षितिजावर उत्तर म्हणून दिशाच उरत नाहीं. म्हणजे जें यंत्र ध्रुवास जाण्यासाठीं शोधूं लागले, तें सर्व समुद्रांवर उपयोगी पडलें, आणि नेमकें ध्रुवाजवळच निरुपयोगी ठरलें! आन्शुट्झ १९३१ सालीं निवर्तले. त्याच वर्षीं ह्यूबर्ट विल्किन्स यांनीं पाणबुडीनें बर्फाखालून ध्रुव गांठण्याचा यत्न केला, पण तो सिद्धीस गेला नाहीं. पुढें ३ ऑगस्ट १९५८ रोजीं ‘नॉटिलस’ ही अमेरिकन पाणबुडी बर्फाखालून ध्रुवावर पोंचली, त्या वेळीं तिच्यावर जडत्वाच्या तत्त्वानें स्थान मोजीत जाणारें निराळें यंत्र होतें. परंतु त्या यंत्राच्या गर्भांतही चक्रेंच होतीं. आज कित्येक ठिकाणीं चक्रांची जागा प्रकाशकिरणांनीं घेतली असून, त्यांचें तत्त्व साञ्याक यांनीं १९१३ सालीं दाखविलेल्या प्रयोगांत आहे.

आणि तरीही जुनी सूची जहाजावरून उतरलेली नाहीं. समुद्रावरील सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारान्वयें ५०० टनभारावरील जहाजांस जायरो-होकायंत्र, किंवा चुंबकावर न चालणारें तत्सम साधन, ठेवावें लागतें. परंतु विजेची अपेक्षा न ठेवणारें चुंबकीय होकायंत्र लहानमोठ्या सर्वच जहाजांस आवश्यक आहे. वीज बंद पडली म्हणजे चक्र थांबतें, व तें पुन्हा सुरू केल्यावर उत्तरेवर स्थिर होण्यास कांहीं तास लागतात. तेवढ्या वेळीं पहिल्या साक्षीदाराचीच जबानी घ्यावी लागते.

८. उपसंहार

आतां आमच्या विधानाविषयीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका व्याख्यानांत आम्हीं असें प्रतिपादन केलें होतें कीं, वैशेषिकसूत्रांत सुई मण्याकडे सरकत असल्याचा उल्लेख आहे व काव्यांत अयस्कान्त वारंवार येतो, त्या अर्थीं आपल्या नाविकांस होकायंत्र प्राचीन काळापासून ठाऊक असलें पाहिजे. श्रोत्यांस तें विधान फार रुचलें, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही रुचलें होतें. आज तें आम्ही परत घेतों. त्या वचनांत लोहाच्या आकर्षणाचें ज्ञान आहे, दिशादर्शनाचें नाहीं. आणि दिशादर्शनाचें तत्त्व त्यांत आढळलें असतें तरी समुद्रावर चालणाऱ्या यंत्राचा तो पुरावा झाला नसता. फूको यांच्यापाशीं तत्त्व होतें, व्हान डेन बॉस यांच्यापाशीं स्वामित्वपत्र होतें. तरी जहाजांस होकायंत्र मिळालें नाहीं. कागद आपल्या देशाचा असला म्हणजे हा नियम बदलत नाहीं.

जुनीं पुस्तकें व पोथ्या जमविणाऱ्या आम्हां मंडळींस पहिला उल्लेख सांपडला कीं शोध पुरा झाल्यासारखा वाटतो. वास्तविक तेथून तो सुरू होतो. उल्लेख तत्त्वाचा आहे कीं वस्तूचा, वस्तु असल्यास ती चालली काय, कोणी व कोठें चालविली, हे प्रश्न विचारल्यावांचून मान कोणाचा हें ठरवितां येत नाहीं. आमचे विद्यार्थी परत निघाले तेव्हां तें कोरें पान आम्हीं मागून ठेवून घेतलें. आमच्या संग्रहांतील सर्वांत अर्वाचीन कागद तोच आहे. परंतु दोन साक्षीदारांचें म्हणणें रोज उन्हाशीं ताडून पाहण्याची जी शिस्त त्याच्या रकान्यांत आंखलेली आहे, ती आमच्या जुन्या व्याख्यानांत नव्हती.